तलाव आटलेला दिसतो, पण तो हवामानबदलामुळेच आटला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी तुम्ही एका तलावाच्या दोन उपग्रहप्रतिमा तपासल्या, एक १९९० ची आणि एक २०२३ ची, आणि पाण्याचा पसारा सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे तुम्हाला आढळले. शिवाय तलावाभोवतीच्या झाडोऱ्याचा हिरवेपणा तुम्ही युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमांवरून २०१८ पासून मोजला, तर तो २०२२ च्या आरंभी एकाएकी खाली आला आणि पुन्हा वर गेलाच नाही. या दोन्ही गोष्टी हवामानबदलाचा पुरावा म्हणून मांडाव्यात का, आणि पुरावा भक्कम करण्यासाठी आणखी कोणत्या उपग्रहाचा डेटा घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते कोणता उपग्रह घ्यावा हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी ठरवायचे ते असे, की तुम्हाला दिसलेला फरक जमिनीवर घडला आहे की मोजमापात. आणि तो जमिनीवरच घडला असेल, तर त्यामागे हवामान आहे हे कशावरून. गेली वीसेक वर्षे मी उपग्रहांच्या दीर्घकालीन नोंदींवर काम करतो. या काळात जे निष्कर्ष मला मागे घ्यावे लागले, ते जवळजवळ सगळे यांपैकी एक प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे घ्यावे लागले.

आधी हिरवेपणाचे पाहू, कारण तिथे तातडीने दुरुस्ती करावी लागेल असे मला वाटते. तुम्ही वापरलेला हिरवेपणाचा निर्देशांक निकट-अवरक्त (लालाच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) आणि लाल या प्रकाशाच्या दोन पट्ट्यांतील परावर्तनांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागून काढतात. सेंटिनेल-२ च्या फायलींमध्ये परावर्तन दहा हजारांनी गुणून पूर्णांकात साठवलेले असते. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अंतराळ संस्थेने प्रक्रियेची नवी आवृत्ती लागू केली आणि तीत प्रत्येक पट्ट्याच्या आकड्यात १००० मिळवायला सुरुवात केली. अतिशय गडद पृष्ठभागांवर वातावरणाचा परिणाम वजा केल्यानंतर कधी कधी किंचित ऋण मूल्ये येतात. ती शून्यावर छाटली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. बदल योग्य होता आणि तो रीतसर जाहीरही झाला होता, पण ज्याने ती सूचना वाचली नाही त्याच्या आलेखात तुम्हाला दिसली तशीच घसरण येते.

आकड्यांत मांडून पाहा. एखाद्या दाट झाडीच्या पिक्सेलमध्ये निकट-अवरक्ताचे मूल्य ३००० आणि लाल पट्ट्याचे ५०० आहे असे धरू. वजाबाकी २५००, बेरीज ३५००, म्हणजे निर्देशांक ०.७१. आता झाडाचे एक पानही न गळता दोन्ही आकड्यांत १००० मिळवले, तर ते ४००० आणि १५०० होतात. वजाबाकी तीच २५०० राहते, पण बेरीज ५५०० होते आणि निर्देशांक ०.४५ वर येतो. निरोगी जंगल एका रात्रीत विरळ झुडुपांसारखे दिसू लागते. तुमचा आलेख मी पाहिलेला नाही, त्यामुळे हेच घडले आहे असे छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र घसरण नेमकी जानेवारी २०२२ च्या शेवटच्या आठवड्यापासून असेल आणि झाडीबरोबर गवताळ भागातही त्याच दिवशी झालेली असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. प्रत्येक प्रतिमेच्या सोबतच्या माहितीफायलीत प्रक्रियेची आवृत्ती आणि वजा करायचा आकडा दिलेला असतो. तो वाचून मगच गणित करा. केवळ तारखेवर विसंबू नका, कारण जुन्या प्रतिमाही नव्या आवृत्तीने पुन्हा प्रक्रिया करून संग्रहात ठेवल्या गेल्या आहेत आणि त्यांतही हे १००० मिळवलेले असतात. गुगल अर्थ इंजिन या उपग्रहप्रतिमांच्या ऑनलाइन सेवेवर काम करत असाल, तर तिथे ‘हार्मोनाइज्ड’ नावाने ठेवलेला संच ही दुरुस्ती करूनच देतो. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या सध्याच्या संग्रहातही साठवलेल्या आकड्याला ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा केल्याशिवाय परावर्तन मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

हे एवढ्या तपशिलाने लिहिले, कारण यातून या कामाचे स्वरूप कळते. उपग्रह तापमान मोजत नाही, हिरवेपणा मोजत नाही, पाणीही मोजत नाही. त्याच्या संवेदकापर्यंत पोहोचलेली किंवा त्यानेच पाठवून परत आलेली प्रारणे तो मोजतो. तिथून ‘जंगल’ किंवा ‘तलाव’ या शब्दांपर्यंत येताना मधे संवेदकाचे अंशांकन (त्याची मापे प्रमाणाशी जुळवून घेणे), वातावरणाची दुरुस्ती, सूर्याचा कोन, ढगांची गाळणी आणि साठवणुकीची पद्धत अशा अनेक पायऱ्या असतात. त्यांपैकी एकही पायरी मधल्या काळात बदलली, तर आलेखात जमिनीवर न घडलेला बदल उमटतो. टेरा उपग्रहावरील मोडिस संवेदकाचे हेच झाले: वर्षे सरली तशी त्याची संवेदनक्षमता, विशेषतः निळ्या पट्ट्यात, घटत गेली आणि जगाच्या मोठ्या भागात वनस्पती कमी होत असल्याचा खोटा कल दिसू लागला. पुढच्या आवृत्तीत अंशांकन सुधारल्यावर तो कल बऱ्याच अंशी नाहीसा झाला.

म्हणून कोणताही कल पाहिला की मी एक जुनी सवय पाळतो आणि तुम्हीही ती लावून घ्यावी असे सुचवतो. त्याच प्रतिमांमध्ये जे बदलायला नको असे काही तुकडे शोधायचे: उघडा खडक, कोरडी वाळू, मोठ्या इमारतीचे सपाट छप्पर, खोल आणि स्वच्छ पाणी. त्यांचे परावर्तनही वर्षांनुवर्षे काढून आलेखावर ठेवायचे. खडकही तुमच्या झाडीबरोबर गडद होत असेल, तर गोष्ट झाडीची नाही. तासाभराचे काम आहे, आणि त्याने वाचवलेले महिने मी मोजलेले नाहीत.

मोजमापातली चूक किती खोल दडलेली असू शकते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण वातावरणाच्या खालच्या थराच्या तापमानाचे आहे. १९७८ च्या अखेरीपासून अमेरिकी हवामान उपग्रहांवरील सूक्ष्मलहरी संवेदक हे तापमान अप्रत्यक्षपणे मोजत आले आहेत. रॉय स्पेन्सर आणि जॉन ख्रिस्टी यांनी १९९० मध्ये त्यांपासून एक सलग मालिका तयार केली. कल्पना उत्तम होती, पण जमिनीवरील केंद्रे तापमानवाढ दाखवत असताना या मालिकेत ती कित्येक वर्षे जवळजवळ दिसतच नव्हती. १९९८ मध्ये फ्रँक वेंट्झ आणि मॅथियास शाबेल यांनी दाखवून दिले, की विरळ हवेच्या घर्षणामुळे उपग्रह हळूहळू खाली येत होते, त्यामुळे त्यांचा पाहण्याचा कोन बदलत होता आणि त्यातून खोटी थंडी मालिकेत शिरत होती. प्रकरण तिथे संपले नाही. उपग्रहाची एखाद्या ठिकाणावरून जाण्याची स्थानिक वेळही वर्षागणिक सरकत होती. दुपारी घेतलेले माप हळूहळू संध्याकाळकडे सरकले, तर पृथ्वी थंड होते आहे असे वाटणारच. त्यासाठी केलेल्या दुरुस्तीतच चूक असल्याचे कार्ल मिअर्स आणि वेंट्झ यांनी २००५ मध्ये दाखवले; मूळ शास्त्रज्ञांनी ती मान्य करून मालिका सुधारली, आणि तापमानवाढ तीतही दिसू लागली. उपग्रह किती वाजता डोक्यावरून गेला, एवढ्या एका गोष्टीने जगाचे तापमान वाढते की नाही हा प्रश्न काही वर्षे अडवून ठेवला होता. तुमची १९९० ची प्रतिमा लँडसॅट-५ ची असेल, तर त्याची वेळही त्याच्या दीर्घ आयुष्यात सरकत होती. पाण्याच्या सीमेवर त्याचा परिणाम अल्प असतो, मात्र सावल्या आणि पृष्ठभागाचे तापमान यांवर तो नक्कीच पडतो.

याच्या उलट, आधीपासून काळजी घेतली तर काय साधते, हे समुद्रपातळीच्या नोंदीत दिसते. १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह अवकाशात गेला, २००१ मध्ये जेसन-१, मग जेसन-२ आणि जेसन-३, आणि २०२० मध्ये सेंटिनेल-६. प्रत्येक नवा उपग्रह काही महिने जुन्याच्या मागोमाग त्याच वाटेवरून फिरवला गेला; सेंटिनेल-६ तर जेसन-३ च्या अवघ्या तीस सेकंद मागे होता. दोघांनी एकच समुद्र जवळजवळ एकाच क्षणी पाहिल्यामुळे त्यांच्या मापांतील फरक उपकरणांचाच असणार हे उघड झाले आणि तो काढून टाकता आला. किनाऱ्यावरील भरतीमापकांशीही सतत ताडून पाहिले गेले. सुमारे १३०० किलोमीटर उंचीवरून वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटरची वाढ विश्वासाने सांगता येते, ती या शिस्तीमुळे.

आता तुमच्या तलावाकडे येतो. दोन प्रतिमांची तुलना ही पद्धत ज्या काळात रूढ झाली, तेव्हा प्रत्येक प्रतिमा विकत घ्यावी लागत असे आणि अभ्यासकाच्या हाती दोन-तीनच प्रतिमा येत. २००८ मध्ये लँडसॅटचा संपूर्ण संग्रह सर्वांसाठी खुला झाल्यानंतर तसे करण्याचे कारण उरलेले नाही. तलाव वर्षभरात फुगतो आणि ओसरतो. काही वर्षे भरघोस पावसाची असतात, काही कोरडी. तुमची १९९० ची प्रतिमा पावसाळ्यानंतरची आणि २०२३ ची उन्हाळ्यातली असेल, तर एक चतुर्थांश घट हा केवळ ऋतूंमधला फरक असू शकतो. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका जंगलाचा मोठा भाग निकृष्ट झाल्याचा नकाशा तयार केला होता. त्या भागात आयुष्य घालवलेल्या एका वनरक्षकाने नकाशावर बोट ठेवून विचारले, की दुसरी प्रतिमा कोणत्या महिन्यातली. ती पहिलीपेक्षा सात आठवडे उशिराची होती, आणि ते जंगल पानगळीचे होते. दोन्ही प्रतिमा निर्दोष होत्या, त्यांची जोडी चुकीची होती. तो नकाशा मी रद्द केला आणि तेव्हापासून प्रतिमेच्या तारखेशेजारी त्या जागेचे ऋतुचक्र लिहून ठेवतो.

तेव्हा १९९० पासूनच्या उपलब्ध असलेल्या सर्व लँडसॅट प्रतिमा घ्या, ढग आणि सावल्या गाळा, प्रत्येक वर्षी त्याच दोन-तीन महिन्यांचे पाण्याचे क्षेत्र काढा आणि मग कल पाहा. ३० मे २००३ नंतरच्या लँडसॅट-७ च्या प्रतिमांकडे विशेष लक्ष द्या: त्याचा रेषा जुळवणारा भाग बंद पडल्यामुळे प्रत्येक दृश्याचा सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी रिकामा असतो. ती रिकामी जागा ‘पाणी नाही’ अशी मोजली गेली, तर तलाव २००३ मध्ये आटल्याचा शोध लागेल.

पाण्याची कड हा दुसरा नाजूक भाग. लँडसॅटचा एक पिक्सेल ३० मीटर बाजूचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा असतो, आणि काठावरचा पिक्सेल अर्धा पाणी, अर्धा चिखल असा असतो. तलाव साधारण गोल धरला, तर दहा चौरस किलोमीटरच्या तलावात असे काठाचे पिक्सेल एकूण क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास येतात; एक चौरस किलोमीटरच्या तलावात ते तेरा-चौदा टक्के होतात. खऱ्या तलावांचे काठ वेडेवाकडे असतात, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच. तुमचा तलाव मोठा असेल, तर एक चतुर्थांश घट या अनिश्चिततेच्या बाहेर आहे. लहान असेल, तर काठाचा हिशेब वेगळा करून दाखवावा लागेल. याशिवाय जलपर्णीचा विचार करा. पाण्यावर ती पसरली की निकट-अवरक्तात तो भाग शेतासारखा चमकतो आणि पाण्याचा निर्देशांक त्याला जमीन ठरवतो. तलाव तेवढाच असतो, फक्त झाकलेला असतो. प्रदूषणामुळे गेल्या काही वर्षांत जलपर्णी वाढली असेल, तर तुमची ‘घट’ खरे तर पाण्याच्या गुणवत्तेची कहाणी सांगत असेल, आणि तीही महत्त्वाचीच आहे, पण ती निराळी आहे. तुमच्या निकालाला तोंडी लावण्यापुरता का होईना, युरोपीय आयोगाच्या जॉइंट रिसर्च सेंटरने लँडसॅटच्या १९८४ पासूनच्या संग्रहातून तयार केलेला पृष्ठजलाचा जागतिक नकाशा पाहा. तुमचा आणि त्याचा निकाल जिथे जुळत नाही, तिथे थांबून कारण शोधा.

क्षेत्र घटले म्हणजे पाणी किती घटले, हे तलावाच्या तळावर अवलंबून असते. उथळ, पसरट तलावात पातळी हातभर उतरली तरी पसारा झपाट्याने आक्रसतो. खोल, कड्यांच्या तलावात कितीतरी पाणी जाऊनही वरून फरक जाणवत नाही. म्हणून पातळीचे माप मिळवता आले तर पाहा. प्रत्यक्ष मोजपट्टीच्या नोंदी असतील, तर त्यांना पहिला मान द्या. त्या नसतील, तर मोठ्या तलावांसाठी उपग्रहीय उंचीमापकांच्या १९९२ पासूनच्या नोंदी, २०१८ पासूनचा लेसर उपग्रह आइससॅट-२ आणि डिसेंबर २०२२ मध्ये अवकाशात गेलेला, पाण्याची पातळी मोजणारा स्वॉट उपग्रह यांचा उपयोग होईल. सतत ढग असलेल्या महिन्यांसाठी सेंटिनेल-१ चे रडार आहे, मात्र वाऱ्याने पाणी खवळले की रडारला ते जमिनीसारखे खडबडीत दिसते, हे ध्यानात ठेवा. ग्रेस आणि त्याचा वारस उपग्रह गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून पाण्याचे वस्तुमान सांगतात आणि ग्रीनलंडच्या बर्फासाठी ते अतुलनीय आहेत. पण त्यांची नजर काही शे किलोमीटरांची आहे. एका तलावासाठी त्यांचा आकडा वापरू नका, प्रबंधाला वजन येईल या मोहानेही नको.

समजा, हे सगळे करूनही घट टिकली. तरी ती हवामानामुळे आहे, हे अजून सिद्ध झालेले नाही. अरल समुद्राचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो, कारण उपग्रहप्रतिमांमध्ये दिसणारा पाण्याचा इतका मोठा ऱ्हास दुसरीकडे क्वचितच सापडेल. १९६० च्या सुमारास तो जगातला चौथ्या क्रमांकाचा सरोवर होता. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी सिंचनासाठी वळवले गेले आणि तो तुकड्यांत विभागला जाऊन आटत गेला. नुसत्या प्रतिमा पाहणाऱ्याला हा तापत्या हवेचा परिणाम वाटू शकतो. पण २००५ मध्ये उत्तरेकडचा भाग कोकअरल बांधाने वेगळा केल्यावर तिथली पातळी लवकरच वाढली, आणि दक्षिणेचा भाग मात्र आटतच राहिला. वरचे आकाश एकच, तापमान जवळपास एकच, तरी एक भाग भरतो आणि दुसरा वाळतो. कारणाचा निवाडा करण्यासाठी अशी जोडी हाती लागणे फार मोलाचे असते.

तुमच्याकडे बांधाची जोडी नसेल, पण शेजारचे तलाव असतील. ज्या तलावांतून उपसा होत नाही आणि ज्यांच्या वरच्या अंगाला धरण नाही, तेही त्याच काळात त्याच प्रमाणात घटले असतील, तर हवामानाकडे बोट दाखवायला आधार मिळतो. ते स्थिर असतील आणि तुमचाच तेवढा घटला असेल, तर उपसा, धरण, गाळ किंवा भराव यांकडे पाहावे लागेल. पावसासाठी १९८१ पासूनचा चर्प्सचा संच घ्या, त्यात उपग्रह आणि जमिनीवरील पर्जन्यमापक यांचा मेळ घातलेला आहे; तापमान आणि बाष्पीभवनासाठी ईआरए-५ हा हवामानाच्या नोंदी आणि प्रारूप यांच्या मेळातून केलेला संच चालेल. उपग्रहाने मोजलेले पृष्ठभागाचे तापमान हवेच्या तापमानाऐवजी वापरू नका: ते तापलेल्या मातीचे, ठरावीक वेळेचे आणि फक्त निरभ्र दिवसांचे असते. आणि कल काढताना पहिले आणि शेवटचे वर्ष दोन-तीन वर्षे पुढेमागे सरकवून पाहा. १९९० हे त्या भागात अतिवृष्टीचे वर्ष असेल, तर तिथून सुरू केलेली कोणतीही रेषा खालीच जाईल.

किती काळ पुरेसा, असा प्रश्न पुढे येईलच. हवामानाची सरासरी ठरवायला जागतिक हवामान संघटना तीस वर्षांचा काळ धरते. तलावाची तुमची मालिका तेवढी होते. हिरवेपणाची नाही, सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रहच २०१५ मध्ये गेला. त्या मालिकेवरून झाडोऱ्याची अलीकडची अवस्था सांगा, हवामानाचा कल सांगू नका, किंवा त्यासाठीही लँडसॅटकडे वळा. तसे केलेत, तर लँडसॅट-८ चा निकट-अवरक्त पट्टा आधीच्या लँडसॅटपेक्षा अरुंद आहे आणि त्यामुळे २०१३ ला निर्देशांकात छोटी उडी येते, तिची दुरुस्ती करून घ्या.

या सगळ्यातून तुम्ही अनपेक्षित आकड्यांबद्दल नुसतेच साशंक व्हावे, असे मला म्हणायचे नाही. अंटार्क्टिकावरील ओझोनचे प्रमाण घसरत असताना निम्बस-७ उपग्रहाच्या नोंदींमध्ये ती फार कमी मूल्ये होती, पण अपेक्षेबाहेरची म्हणून संगणकाने त्यांच्यावर संशयास्पद असा शेरा मारून ठेवला होता. १९८५ मध्ये अंटार्क्टिकातील हॅली केंद्रावरील जमिनीवरच्या मापांवरून जो फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घट प्रसिद्ध केली. विचित्र आकडा टाकून देऊ नका आणि लगेच जाहीरही करू नका. त्याला जमिनीवरच्या एखाद्या स्वतंत्र मापासमोर उभे करा.

तुमच्या प्रबंधातल्या निष्कर्षासाठी मी सध्या एवढेच वाक्य सुचवेन: ‘१९९० ते २०२३ या काळात प्रत्येक वर्षीच्या त्याच महिन्यांत मोजलेले तलावाचे जलक्षेत्र इतक्या टक्क्यांनी घटले असून काठाच्या पिक्सेलमुळे येणारी अनिश्चितता इतकी आहे.’ शेजारच्या तलावांची आणि पावसाची मालिका तयार झाली, की त्याला कारणाचे दुसरे वाक्य जोडा. हिरवेपणाचा आलेख मात्र आजच पुन्हा काढा, आणि आधी १००० वजा करायचे आहेत का, ते माहितीफायलीत पाहा.